डीडवर आईचं नाव आहे, मग मेडिकेडचा अर्ज करायचा की नाही?

पत्र थोडक्यात असं: न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. घटस्फोटानंतर २०१४ मध्ये त्यांनी टाउनहाउस घेतलं. डाउन पेमेंटला आईने डोंबिवलीचा फ्लॅट विकून पैसे दिले, म्हणून डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) दोघींची नावं लागली. हप्ते पहिल्यापासून ताईच भरतात. सोबत सोळा वर्षांचा मुलगा. आई ७९ वर्षांची, २०१९ मध्ये अमेरिकन सिटिझन झाली. गेल्या महिन्यापर्यंत ती स्वतः चालत जाऊन भाजी आणायची, मग बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आता मेडिकेअरवर (म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) रिहॅबमध्ये, म्हणजे पुन्हा चालतं करणाऱ्या केंद्रात आहे. तिथल्या सोशल वर्करने सुचवलं की मेडिकेडचा (कमी उत्पन्न आणि मालमत्ता असलेल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) अर्ज करा, घरी एड (काळजी घ्यायला येणारी मदतनीस) मिळेल. पण ग्रुपवर सगळे म्हणतात मेडिकेड घेतलंत तर आई गेल्यावर सरकार घर घेतं. डॅलसचा मावसभाऊ म्हणतो, जॉइंट नाव आहे ना, मग काही होत नाही. ओळखीचे एक काका म्हणतात, आधी आईचं नाव काढून टाका, दीड-दोनशे डॉलरात क्विटक्लेम डीड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) होतं, मग अर्ज करा. भाऊ पुण्यात, "कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, जो बाबांच्या नंतर आईच्या नावावर झाला". आणि आईच्या कानावर हे सगळं गेल्यापासून ती एकच म्हणते, माझ्यापायी तुझं घर जाणार असेल तर मला कुणी एड-बिड नको, मी करीन माझं माझं. ताई विचारतात, काय करू?

ताई, आधी एक सांगते म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचाल. तुम्हाला आणि तुमच्या मुलाला त्या घरातून कोणी बाहेर काढणार नाहीये. मेडिकेड घेतलं तरी नाही, आई उद्या नर्सिंग होमला गेली तरी नाही. जे येऊ शकतं ते एक बिल आहे, तेही आईच्या पश्चात, आणि तेही फक्त आईच्या हिश्श्यापुरतं. बिल मोठं असू शकतं, ते मी लपवत नाही, पण बिल येणं आणि घर जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुमच्या घरात सध्या सगळे निर्णय "घर जाणार" या भीतीवर चाललेत.

आता हे प्रकरण नेमकं काय आहे ते बघू. १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून सगळ्या राज्यांना सक्ती केली की वयाच्या पंचावन्नीनंतर ज्यांच्यावर मेडिकेडने नर्सिंग होमचा, घरी मिळणाऱ्या लाँग टर्म केअरचा आणि त्याच्याशी जोडलेल्या हॉस्पिटलचा न् औषधांचा खर्च केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इस्टेटीतून वसूल करा. याला म्हणतात इस्टेट रिकव्हरी. हा झाला किमान नियम. त्याच्या वर किती जायचं, म्हणजे बाकीचा मेडिकल खर्चही मागायचा का, आणि "इस्टेट" कशाला म्हणायचं, हे कायद्याने राज्यांवर सोडलं. आणि इथेच तुमचा मावसभाऊ चुकतोय. म्हणजे तो खोटं नाही बोलत, तो टेक्ससचं खरं बोलतोय! टेक्ससमध्ये फक्त प्रोबेटमधून (कोर्टामार्फत वारसांकडे) जाणारी मालमत्ता धरतात, त्यामुळे सर्व्हायव्हरशिपने थेट दुसऱ्या मालकाकडे गेलेलं घर वसुलीतून सुटतं. न्यूयॉर्कमध्येही प्रोबेटपुरतंच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ पासून तसंच केलंय. पण न्यू जर्सीने इस्टेटची मोठी व्याख्या घेतलीय. जॉइंट टेनन्सी (एक मालक गेला की हिस्सा दुसऱ्या मालकाकडे), टेनन्सी इन कॉमन (हिस्सा ज्याच्या त्याच्या वारसांकडे), लाइफ इस्टेट (हयातीपुरता हक्क), लिव्हिंग ट्रस्ट (हयातीत केलेला ट्रस्ट), मृत्यूच्या क्षणी आईचा ज्यात ज्यात कायदेशीर वाटा होता ते सगळं त्यात येतं. शिवाय न्यू जर्सी फक्त एडचा नि नर्सिंग होमचाच नाही, तर पंचावन्नीनंतर मेडिकेडने भरलेले बाकीचेही पैसे मागते, आणि त्यात एचएमओला (मेडिकेडचं काम बघणाऱ्या विमा कंपनीला) दर महिन्याला जो ठरावीक हप्ता जातो तोही धरते, मग त्या महिन्यात आई डॉक्टरची पायरी चढली असो वा नसो. हे मात्र लोकांना माहीतच नसतं. आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा रोज सकाळी व्हॅनने अडल्ट डे केअरला जातात, दुपारी गरम वरण-भात, भजनं, पत्ते, सगळं छान चालतं आणि घरच्यांना वाटतं हे फुकट आहे. पंचावन्नीच्या पुढे हे सगळं एका वहीत लिहिलं जात असतं एवढं डोक्यात ठेवा. तरीही डे केअर बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही, घरात चार भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ते कधीही बरं.

आता तुमच्या घराचा हिशोब मांडून बघू. आकडे तुमचे नाहीत, समजा म्हणून घेतेय. घराची किंमत ५ लाख डॉलर, कर्ज उरलंय १ लाख २० हजार, म्हणजे इक्विटी ३ लाख ८० हजार, त्यात आईचा अर्धा धरला तर १ लाख ९० हजार. आईवर मेडिकेडचा एकूण खर्च ९० हजार झाला तर मागणी ९० हजाराची. खर्च ३ लाख झाला तरी या घरातून मागणी १ लाख ९० हजाराच्या वर जाऊ शकत नाही, कारण तुमचा अर्धा भाग तुमचा आहे, त्याला आईच्या मेडिकेडचा काही संबंध नाही. आणि हे पैसे लगेच टेबलवर ठेवा असंही नाही. न्यू जर्सीच्या नियमात स्पष्ट आहे की आईच्या मृत्यूआधीपासून घरातलं माणूस तिथे सलग राहत असेल आणि तेच त्याचं मुख्य घर असेल, तर राज्य आईच्या हिश्श्यावर लिएन नोंदवू शकतं पण ते घर तुम्ही आपणहून विकेपर्यंत, सोडून जाईपर्यंत किंवा तुम्ही असेपर्यंत वसुलीला येत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो ना, तसं. जमीन तुम्हीच कसता, पीक तुम्हीच घेता, फक्त विकायची वेळ आली की आधी बोजा उतरवावा लागतो. म्हणजे तुमचा मुलगा कॉलेज करून नोकरीला लागून त्याच्या लग्नापर्यंतही तुम्ही त्याच घरात राहिलात तरी राज्य दारात येणार नाही.

मग काकांचा सल्ला? ताई, हात जोडून सांगते, ते क्विटक्लेम डीड करू नका. निदान एल्डर लॉच्या (म्हातारपणाची केअर आणि मालमत्ता यांचे कायदे बघणाऱ्या) वकिलाला दाखवल्याशिवाय अजिबात नाही. कारण लाँग टर्म केअरच्या मेडिकेडचा अर्ज केला की काउंटीचं ऑफिस मागच्या ६० महिन्यांचा हिशोब बघतं, पाच वर्षांत अर्जदाराने कोणाला काय बक्षीस दिलं, काय स्वस्तात दिलं. लाखभर डॉलरचा हिस्सा तुम्हाला फुकट दिला आणि पुढच्या महिन्यात अर्ज केला तर तो ट्रान्सफर सरळ समोर येतो आणि मग पेनल्टीचा काळ लागतो, म्हणजे ज्या काळात आई बाकी सगळ्या बाबतीत पात्र आहे पण मेडिकेड केअरचे पैसे देत नाही. नेमकी जेव्हा गरज तेव्हाच दार बंद! आणि न्यू जर्सीत नर्सिंग होमचा महिना दहा-बारा हजार डॉलरच्या खाली मिळणं कठीण. बरं, या उपद्व्यापाची गरजच नाहीये, कारण आई ज्या घरात राहते ते घर पात्रता ठरवताना तिच्या मालमत्तेत धरतच नाहीत. एकट्या माणसाला २,००० डॉलरची मर्यादा आहे ती बँकेतले पैसे, एफडी, दुसरी प्रॉपर्टी वगैरेला. राहत्या घराच्या इक्विटीलाही मर्यादा आहे पण न्यू जर्सीत ती दहा लाख डॉलरच्या आसपास आहे, तुमच्या टाउनहाउसला तिथे पोचायला वेळ आहे. (आई कायमची नर्सिंग होमला गेली, घरी परतण्याची शक्यता नाही असं ठरलं, तर हे चित्र बदलतं. तशी वेळ येतेय असं दिसलं की लगेच वकील गाठा, सहा महिने थांबू नका.)

टॅक्सचंही एक आहे. आईने आज हिस्सा बक्षीस दिला तर तो तुमच्याकडे तिच्या २०१४ च्या खरेदी किमतीने येतो. तिच्या पश्चात वारसाने आला तर त्या दिवसाच्या बाजारभावाने. पुढे घर विकताना कॅपिटल गेन्समध्ये हा फरक जाणवू शकतो. काकांना हे माहीत असणार नाही, त्यांचा तो विषयच नाही.

नाव बदलण्याचा एक सरळ रस्ता कायद्यातच आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. आईबरोबर राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने, ती नर्सिंग होमला जाण्याआधीची लगेचची किमान दोन वर्षं तिच्याच घरात राहून अशी काळजी घेतली असेल की त्यामुळेच ती तेवढा काळ नर्सिंग होमच्या बाहेर राहू शकली, तर घर त्या मुलाच्या नावावर केलं तरी पेनल्टी लागत नाही. लोक याला केअरटेकर चाइल्डची सूट म्हणतात. पण तुम्ही बारा वर्षं एकत्र राहताय म्हणून ती आपोआप मिळाली असं समजू नका. तुम्हीच लिहिलंय की पडेपर्यंत आई स्वतः भाजीला जायची. न्यू जर्सीचा नियम कडक आहे, डॉक्टरकडे सोडणं, वाणसामान आणणं याला ते काळजी धरत नाहीत, आईची तब्येतच अशी हवी की खास लक्ष द्यावं लागत होतं. म्हणजे तुमचं घड्याळ फार तर आत्ता सुरू होतंय. ते सुरू होतंय तर मग नीट चालवा. एक साधी वही करा, रात्री किती वेळा उठवावं लागलं, आंघोळ कोणी घातली, गोळ्या कोणी दिल्या, तारखेनिशी. डॉक्टरांना सांगून फाइलमध्ये नोंद करून घ्या की मुलगी सांभाळते म्हणून पेशंट घरी आहे. मेडिकेडची एड येत असेल तर ती किती करते न् तुम्ही किती, हा प्रश्न पुढे येणार, तोही वकिलाशी बोलून घ्या.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबले. "कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, जो बाबांच्या नंतर आईच्या नावावर झाला". अहो ताई, तुम्ही एडिसनच्या घराची काळजी करताय आणि अर्ज अडकला तर तो या फ्लॅटवर अडकणार आहे! आई त्यात राहत नाही, म्हणून राहत्या घराची सूट त्याला नाही. मालमत्ता भारतात आहे म्हणून मोजत नाहीत असं काही नाही, अर्जात जगभरातलं सगळं लिहायचं असतं. फ्लॅट, एफडी, पोस्टातले पैसे, बाबांची फॅमिली पेन्शन असेल तर ती उत्पन्नात. "त्यांना कुठे कळतंय पुण्यातलं" असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका, खोट्या माहितीवर सही आईची जाणार आणि निस्तरणार तुम्ही.

पण घाबरण्याआधी भावाला एक काम सांगा. बाबांच्या नंतर तो फ्लॅट आईच्या नावावर "झाला" म्हणजे नेमकं काय झालं? बहुतेक घरांत काय होतं, सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव असतं, सेक्रेटरी शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवतो, आणि सगळे समजतात आई मालक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबांचं मृत्युपत्र नसेल आणि फ्लॅट त्यांचा एकट्याचा असेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मुलगा, मुलगी तिघांचा सारखा हिस्सा, म्हणजे आईचा एक तृतीयांश. तुम्ही आणि भावाने आईच्या बाजूने हक्कसोड पत्र रजिस्टर करून दिलं असेल तर मात्र पूर्ण तिचा. आणि उलट, आईने गेल्या पाच वर्षांत भावाच्या नावे बक्षीसपत्र केलं असेल तर तो ६० महिन्यांतला ट्रान्सफर झाला, तोही सांगावा लागणार. या तिन्हीतलं काय आहे त्यावर सगळा अर्ज फिरतो. आणि जिथे भाऊ राहतोय, तिथला आईचा हिस्सा लगेच विकता येत नाही हा मुद्दा मांडता येऊ शकतो, पण तो तुम्ही-मी नाही मांडायचा, वकिलाने कागद लावून मांडायचा. विकायचाच ठरला तर आई आता भारताच्या हिशोबात परदेशात राहणारी, त्यामुळे घेणारा टीडीएस कापणार, पैसे एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या बँक खात्यात) येणार, तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण सीएच्या सर्टिफिकेटांसकट सगळं व्हायला महिने जातात. तोवर रिहॅबवाले थांबणार नाहीत.

कारण मेडिकेअरचा रिहॅब किती दिवस, तर पहिले २० दिवस पूर्ण, मग रोजचा तुमचा वाटा, आणि फार तर १०० दिवसांपर्यंत, तेही तिला रोज स्किल्ड केअर (नर्स किंवा थेरपिस्टची) लागतेय असं ते म्हणत असतील तोवरच. मेडिकेअर घरी दिवसभर सोबतीला एड देत नाही. हे काम मेडिकेडचं, न्यू जर्सीत एमएलटीएसएस (मॅनेज्ड लाँग टर्म सर्व्हिसेस अँड सपोर्ट्स) नावाने २०१४ पासून चालतं. म्हणून सोशल वर्कर ते म्हणतेय, ती काही तुमच्या घरावर डोळा ठेवून नाहीये.

समजा मेडिकेड नकोच म्हटलं, आईचं ऐकलं, तर? एजन्सीची एड तासाला तीस डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. तुम्ही ऑफिसला असताना आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. तीन वर्षांत १ लाख ८० हजार. वर आपण आईचा हिस्सा किती काढला होता? १ लाख ९० हजार! म्हणजे जो हिस्सा वाचवायचा म्हणून मेडिकेड नाकारायचं, तेवढेच पैसे तुमच्या पगारातून, ४०१-के मधून (निवृत्तीच्या बचतीतून), आत्ता, मुलाच्या कॉलेजच्या तोंडावर घालवायचे. किंवा मग एड नाही, मेडिकेड नाही, तुम्ही नोकरी सोडायची, हप्ता कोण भरणार? तेव्हा घर खरंच जाऊ शकतं, राज्याकडे नाही तर बँकेकडे. हां, काही घरांत न घेणं बरोबर असतं. आईची गरज थोडी असेल, सहा-आठ महिन्यांची असेल, ती भराभर बरी होत असेल, घरात दुसरं माणूस असेल, तर दरमहा एचएमओचा हप्ता वहीत चढवत राहण्यापेक्षा थोडे तास पैसे देऊन भागवलेलं परवडतं. फिजिओवाल्यांना स्पष्ट विचारा की तीन महिन्यांनी ही कुठवर येईल, वॉकर की व्हीलचेअर, जिना चढेल की नाही. टाउनहाउस आहे म्हणजे बेडरूम वर असणार.

आणखी एक मार्ग, आईचा हिस्सा तुम्ही बाजारभावाने विकत घ्यायचा. योग्य किमतीची विक्री म्हणजे बक्षीस नाही, त्यामुळे पेनल्टी नाही. पण मग आईकडे रोख रक्कम येते आणि ती तिच्या केअरवर खर्च होईपर्यंत ती मेडिकेडला पात्र नाही. रिफायनान्सचे आजचे व्याजदर बघता मला तुमच्यासाठी हे फारसं पटत नाही, पण ज्यांचं कर्ज फिटलेलं आहे त्यांनी हिशोब जरूर मांडावा.

डीडबद्दल अजून एक राहिलं. तुम्ही "जॉइंट" म्हणताय पण कागदावर तसं आहे का? न्यू जर्सीत डीडवर जॉइंट टेनंट्स असं लिहिलेलं नसेल तर दोन मालक टेनंट्स इन कॉमन समजले जातात. मेडिकेडच्या दृष्टीने दोन्हीकडे आईचा हिस्सा येतोच, पण वारसाच्या दृष्टीने खूप फरक आहे. टेनंट्स इन कॉमन असेल आणि आईचं विल नसेल, तर तिच्या हिश्श्यात तुमचा भाऊही निम्म्याने येतो. तो उद्या "मला काय करायचंय तुझ्या घराचं" म्हणेल, चांगला असेल, पण त्याच्या बायकोला, मुलांना काय वाटेल ते आज कोण सांगणार. आणि मग कोथरूडच्या फ्लॅटचाही विषय निघणार. हे दोन्ही विषय एकाच वेळी, आई शुद्धीत आणि समोर असताना बोललेले बरे. मिडलसेक्स काउंटी क्लार्कच्या ऑफिसातून, न्यू ब्रन्स्विकला, डीडची कॉपी मिळते, ती आधी काढा.

आणि हो, आईला विचारलंत का? म्हणजे काय करायचं हे नाही, तिला काय हवंय हे. पत्रात काका आहेत, मावसभाऊ आहे, ग्रुप आहे, आई फक्त एका वाक्यात आहे आणि तेही नको म्हणणारं. डोंबिवलीचा फ्लॅट तिने विकला तो कशासाठी होता? मुलीच्या पडत्या काळात तिच्या मागे उभं राहायला आणि स्वतःच्या म्हातारपणाची सोय म्हणून. त्या पैशातून तिच्याच म्हातारपणी कोणीतरी तिला धरून बाथरूमला नेणार असेल, तर त्यात घर बुडालं कुठे? त्या पैशाचं जे काम होतं तेच होतंय की. तिला नीट बसून सांगा की आई, तुझ्या अर्ध्यातून पुढे कधीतरी कापतील, माझ्या अर्ध्याला हात लागत नाही, आम्ही इथेच राहणार आहोत. आकडे सांगा, त्या पिढीला आकडे कळतात, "तू काळजी करू नकोस" हे नाही कळत. त्याउपर ती म्हणाली की मला नातवासाठी काहीतरी ठेवायचंय, तर तेही तिचं म्हणणं आहे आणि वकिलासमोर तिनेच ते बोलावं. त्याच बैठकीत ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी (समज गेली तरी चालणारं मुखत्यारपत्र), मेडिकल प्रॉक्सी (उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे त्याचा कागद) आणि विल तिच्या सहीने करून घ्या. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं काही दिवस गोंधळलेली असतात, तेव्हा सही नको, पण फार लांबवूही नका. उद्या तिची समज गेली तर कोर्टातून गार्डियनशिप काढावी लागते आणि तो खर्च, तो वेळ, देव करो नि कुणावर न येवो.

अशाच परिस्थितीतल्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी पटकन. आई-वडील ग्रीन कार्डवर असतील तर बहुतेक करून पहिली पाच वर्षं फेडरल मेडिकेड मिळत नाही, आणि तुम्ही स्पॉन्सर म्हणून सही केलेली असते, तेव्हा आधी तो कागद बघा. व्हिजिटर व्हिसावरच्यांना हा रस्ताच नाही. दोघांपैकी एक जोडीदार हयात असेल तर तोवर वसुली होत नाही, कुठल्याही राज्यात. एकवीस वर्षांखालचं मूल असेल किंवा अंध अथवा कायमचं अपंग मूल असेल, मग ते पन्नास वर्षांचं का असेना, तरी वसुली थांबते, आणि अपंग मुलाच्या नावे घर केलं तर पेनल्टीही नाही. आपल्या लोकांत हे फार जण लपवतात, मतिमंद भावाबद्दल कुठे बोलायचं नाही वगैरे, इथे मात्र त्याचा कागद हाच घराचा आधार ठरू शकतो. आणि वसुलीची नोटीस आली तर हार्डशिप वेव्हरचा (अडचण दाखवून वसुली माफ करून घेण्याचा) अर्ज करता येतो, त्याला मुदत असते आणि ती छोटी असते, नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. राज्य बदललं की नियम बदलतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचं प्रेमाने ऐका आणि आपल्या राज्यातल्या वकिलाला पैसे द्या.

तुमच्या बाबतीत माझं मत विचारताय तर, अर्ज करा. घर आहे तसं राहू द्या. पण काउंटी बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसेसला अर्ज देण्याआधी एक तास एल्डर लॉ वकिलाचा घ्या, रिअल इस्टेट क्लोजिंग करून देणाऱ्या ओळखीच्या वकिलाचा नव्हे. पैशाची अडचण असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करून बघा, उत्पन्नात बसलात तर तिथे फुकट सल्ला मिळतो. जाताना इकडच्या-तिकडच्या सगळ्या खात्यांची पाच वर्षांची स्टेटमेंटं, डीड, मॉर्गेजचं शेवटचं स्टेटमेंट, २०१४ ला डोंबिवलीचे पैसे आले त्याची बँकेची नोंद, आईचं सिटिझनशिपचं (नॅचरलायझेशन) सर्टिफिकेट. आणि आज रात्री, पुण्यात सकाळ झाली की, भावाला शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायला सांगा, मागच्या बाजूला ट्रान्सफरची नोंद असते तीच बघायचीय. बाबांच्या नंतर काही रजिस्टर केलं होतं का, तेही विचारा. रिहॅबची डिस्चार्जची तारीख सोशल वर्करकडून लेखी घ्या, आणि ती फार लवकरची दिली असेल तर त्याविरुद्ध अपील करता येतं, कसं ते त्याच कागदावर छापलेलं असतं.